गावात राहतात मोजून दहा-बारा माणसं, तरी आत शिरायला तिकीट लागतं. इटलीतल्या 'मरणाऱ्या शहरा'ची गोष्ट

खाली दरीत धुकं. त्या धुक्यातून वर आलेला डोंगराचा एक सुटा तुकडा. त्याच्या माथ्यावर दाटीवाटीने बसलेली दगडी घरं, मध्ये चर्चचा मनोरा आणि तिथवर जाणारा एकच अरुंद, लांबलचक पूल. इन्स्टाग्रामवर हा फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. त्याखाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, "हे खरं आहे की एआयने बनवलंय?"

तर हे खरं आहे. गावाचं नाव चिविता दी बान्योरेजो. रोमच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर, लात्सिओ प्रांताच्या वितेर्बो जिल्ह्यात हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची ४४० मीटरच्या आसपास. गावाचा माथा इतका लहान की या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पाच मिनिटं पुरतात. गाडी आत जात नाही. बारा महिने मुक्काम करणारी माणसं दहा-बाराच.

आणि या दहा-बारा माणसांच्या गावात पाय ठेवायचा तर ५ युरोंचं तिकीट काढावं लागतं. म्हणजे आपले साधारण पाचशे रुपये.

किल्ला बघायला तिकीट, संग्रहालयाला तिकीट, हे समजू शकतं. पण जिथे लोक राहतात, कपडे वाळत घालतात, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात, त्या गावाला तिकीट कशासाठी? याचं उत्तर गावाच्या पायाखाली आहे. अगदी शब्दशः.

चिविता ज्या खडकावर बसलंय त्याला टफ म्हणतात. लाखो वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखी धगधगत होते. त्यांची राख थरावर थर बसून घट्ट झाली आणि हा पिवळसर तपकिरी खडक तयार झाला. तो मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो. घरं बांधायला म्हणून एक नंबर. अडचण त्याच्या खाली आहे. टफच्या खाली चिकणमातीचा जाडजूड थर आहे आणि ती माती त्याहून जुनी, इथे समुद्र होता तेव्हाची.

पाऊस पडला की ही माती वाहून जाते. गावाच्या दोन बाजूंना दोन ओढे आहेत, रिओ कियारो आणि रिओ तोर्बिदो. नावांचा अर्थ स्वच्छ ओढा आणि गढूळ ओढा. हे दोन्ही ओढे हजारो वर्षं डोंगराचा पायथा कुरतडत आलेत. खालची माती निघून गेली की वरच्या टफचा आधार जातो, त्याला उभ्या भेगा पडतात आणि एखाद दिवशी कडेचा आख्खा तुकडा दरीत कोसळतो. त्या तुकड्यावर घर असेल तर घरासकट.

आसपासच्या दरीत उतरलं की या झिजेचं काम उघड दिसतं. सुरीच्या पात्यासारख्या धारदार, राखाडी-पांढऱ्या मातीच्या रांगाच रांगा. तिथले लोक त्यांना 'कालांकी' म्हणतात. फोटोत ते दृश्य फार देखणं दिसतं, पण गाव ज्यामुळे ढासळतंय तेच ते.

आता मुद्दा असा की, अशा जागी गाव वसवलंच कुणी?

गाव वसवलं एट्रुस्कन लोकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. रोमन साम्राज्य उभं राहायच्या आधी मध्य इटलीत या लोकांचा दबदबा होता. उंच, चारही बाजूंनी तुटलेला माथा म्हणजे त्यांच्या दृष्टीने आयता किल्ला. शत्रू आला तर वरून लांबूनच दिसणार. त्यात खडक मऊ, म्हणून त्यांनी पोटात गुहा खोदल्या, पाण्याची टाकी खोदली, येण्याजाण्याच्या वाटा कापल्या. त्यातल्या बऱ्याच गुहा पुढच्या प्रत्येक पिढीने आपापल्या सोयीने वापरल्या. कुणी वाइन साठवली, कुणी गुरं बांधली, कुणी तेलाचा घाणा टाकला, कुणी देवघर केलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून लपायलाही याच गुहा कामी आल्या.

तेव्हा चिविता आजच्यासारखं एकटं, तुटलेलं नव्हतं. शेजारच्या टेकडीशी ते डोंगराच्या एका पट्टीने जोडलेलं होतं आणि मुख्य गाव हेच होतं. 'चिविता' हा शब्द लॅटिनमधल्या 'शहर' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. आज पुलाच्या अलीकडे जे बान्योरेजो नावाचं मोठं गाव दिसतं, ती तेव्हा चिविताची वाडी होती. आज उलटं झालंय. वाडीचं गाव झालं, गावाची वाडीसुद्धा उरली नाही.

बान्योरेजो या नावामागेही एक कथा सांगतात. या भागात गरम पाण्याचे झरे होते. लोम्बार्द राजा देसिदेरिओ आजारी होता, इथल्या पाण्याने तो बरा झाला आणि जागेला 'राजाचं स्नानगृह' असं नाव पडलं. खरंखोटं बाजूला ठेवू, पण नावाचा अर्थ तोच आहे.

गावात शिरायला आज एकच मोठी वेस आहे, सांता मारिया दरवाजा. मूळची वाट एट्रुस्कनांनी खडकातून कापलेली. या दरवाजावर दोन दगडी सिंह आहेत आणि त्यांच्या पंजात माणसांची मुंडकी आहेत. शेजारच्या ओर्व्हिएतो शहरातलं मोनाल्देस्की घराणं या भागावर जुलूम करायचं. १४५७ साली गावकऱ्यांनी त्यांना हाकलून लावलं. त्या विजयाची ही आठवण. सिंह म्हणजे गावकरी आणि मुंडकी कुणाची हे सांगायला नको.

दरवाजातून आत आलं की एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसते. दार आहे, वर खिडक्या आहेत, दगडी चौकटी शाबूत आहेत. मात्र खिडकीतून पलीकडे आभाळ दिसतं. मागचा वाडा केव्हाच दरीत गेलाय. फक्त तोंड उरलंय.

याच गावात १२२० च्या आसपास एक मुलगा जन्मला, जोव्हान्नी दी फिदान्झा. लहानपणी तो फार आजारी पडला तेव्हा आईने संत फ्रान्सिस यांच्याकडे नवस बोलला आणि मुलगा वाचला, अशी श्रद्धा आहे. फ्रान्सिस यांच्या तोंडून निघालेल्या 'केवढं हे सद्भाग्य' अशा अर्थाच्या उद्गारावरून त्याचं नाव बोनाव्हेंतुरा पडलं, असंही सांगतात. हाच मुलगा पुढे फ्रान्सिस्कन पंथाचा प्रमुख झाला, कार्डिनल झाला आणि १४८२ साली त्याला संतपद मिळालं. मध्ययुगातल्या मोठ्या ख्रिस्ती विचारवंतांत त्याची गणना होते. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला थेट स्वर्गात बसवलंय. आणि त्याचं जन्मघर? तेही कड्यावरून खाली गेलं.

गावाच्या नशिबाला खरी कलाटणी मिळाली १६९५ साली. त्या वर्षीच्या भूकंपात घरं पडली, बान्योरेजोकडे जाणारी वाट खचली. तोवर चिविता हे बिशपचं ठाणं होतं, पालिकाही इथेच होती. भूकंपानंतर बिशप पलीकडे गेले, कारभार पलीकडे गेला. साहेब गेले की मागोमाग बाकीचेही निघतात, तसंच झालं. पुढची दोनशे-अडीचशे वर्षं कडा ढासळत राहिला, माणसं एकेक करून जात राहिली आणि ती जोडणारी डोंगराची पट्टीही झिजत झिजत नाहीशी झाली.

मग पूल बांधावा लागला. तोही दुसऱ्या महायुद्धात, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. आज फोटोत दिसतो तो सुमारे ३०० मीटर लांबीचा काँक्रीटचा पूल १९६५ सालचा. पायी चालण्यापुरताच. सामानसुमान कित्येक वर्षं गाढवांच्या पाठीवरून यायचं. आता गावकरी आणि हॉटेलवाले दुचाकीवरून किंवा छोट्या तीनचाकीतून आणतात.

बोनाव्हेंतुरा तेक्की नावाचे एक लेखक होते, बान्योरेजोचेच, १८९६ सालचा जन्म. संताचं नाव घेऊन जन्मलेल्या या लेखकाने चिविताला एक नाव दिलं, 'मरणारं शहर'. ते असं काही चिकटलं की आज पर्यटन खात्याच्या फलकांवरही तेच दिसतं. मरण ही जाहिरात होऊ शकते हे तेक्कींना बहुधा सुचलंही नसेल.

पण त्याआधी एक बाई इथे आल्या. अस्त्रा झारिना. जन्म लातवियातला, शिक्षण अमेरिकेतलं, पेशा आर्किटेक्टचा. १९६० च्या दशकात त्यांनी चिवितात पडकी घरं घेतली आणि ती जुन्या पद्धतीने, जुन्याच दगडात पुन्हा उभी करायला सुरुवात केली. तेव्हा इथल्या घराला कुणी विचारत नव्हतं. पुढच्या दशकात त्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे विद्यार्थी इथे घेऊन येऊ लागल्या. मुलांनी इथे राहायचं, इथल्या भिंती मोजायच्या, शेजाऱ्यांसोबत जेवायचं आणि त्यातून वास्तुकला शिकायची. २००८ साली त्या गेल्या. आज चिविता जे काही उभं आहे त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, पण रील्समध्ये त्यांचं नाव क्वचितच येतं.

२००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १०० ठिकाणांच्या यादीत चिविताचं नाव घातलं. कड्याच्या भेगांमध्ये पोलादी दांडे घालून खडक बांधून ठेवणं, पाण्याचा निचरा करणं, भेगा किती रुंदावल्यात ते यंत्रांनी मोजत राहणं, ही कामं चालूच असतात. गावातल्या एका जुन्या वाड्यात २०१२ पासून चक्क दरडींचं संग्रहालय आहे. प्रश्न एकच होता, पैसा. एवढं सगळं करायला साडेतीन हजार वस्तीच्या बान्योरेजोच्या पालिकेकडे पैसा येणार कुठून?

म्हणून जून २०१३ मध्ये पालिकेने पुलाच्या तोंडाशी तिकीट खिडकी उघडली. सुरुवातीचा दर फक्त दीड युरो.

टीका भरपूर झाली. गावाला तिकीट लावणं म्हणजे गावाचं प्राणिसंग्रहालय करणं, असा सूर होता. पण झालं भलतंच. तिकिटाचीच बातमी जगभर झाली. जिथे आत जायला पैसे मोजावे लागतात तिथे काहीतरी खास असणार, असा लोकांनी अंदाज बांधला. हायाओ मियाझाकीच्या 'लापुता' या अ‍ॅनिमेशनपटातल्या हवेत तरंगणाऱ्या किल्ल्याशी जपानी पर्यटकांनी गावाचं नातं जोडलं, तिकडूनही गर्दी सुरू झाली. २०१० च्या आसपास वर्षाला साधारण ४० हजार लोक यायचे. २०१७ पर्यंत हा आकडा आठ लाखांच्या पुढे गेला. दर आधी ३ आणि मग ५ युरोंवर गेला.

या पैशाच्या जोरावर बान्योरेजोच्या पालिकेने रहिवाशांवरचे पालिकेचे कर माफ करून टाकले. इटलीत ही बातमी जोरदार गाजली, कारण कर हा तिथे रोजच्या कुरकुरीचा विषय. २०२४ मध्ये व्हेनिसने एका दिवसासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलं, तेव्हा जगाला ते फार धाडसी वाटलं. चिविताने ते अकरा वर्षं आधी करून दाखवलं होतं.

म्हणजे गाव वाचलं का? कडा सावरायला पैसा आला, पलीकडच्या बान्योरेजोत हॉटेलं, खानावळी, पार्किंग, नोकऱ्या आल्या. पण चिवितातली मुक्कामाची माणसं काही वाढली नाहीत. गावात शाळा नाही, रोजचा भाजीपाला मिळेल असं दुकान नाही. बरीच घरं रोमच्या किंवा परदेशातल्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलीत, काहींचं होमस्टे झालंय. दुपारी बारा वाजता चौकात पाऊल ठेवायला जागा नसते, आणि जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी रात्री खिडक्यांमधले दिवे बोटांवर मोजता येतात. मांजरं मात्र भरपूर. डोंगर माती वाहून गेल्याने ढासळतोय, त्याला निदान पोलादाचे दांडे घालता येतात. माणसं परत आणायला तसा काही दांडा सापडलेला नाही.

आता पोटाकडे वळू. कारण इथे येणारे निम्मे लोक पुलाची चढण चढून धापा टाकत येतात आणि आधी खायला बसतात.

इथलं जेवण हे गरिबांचं जेवण आहे आणि ते लपवण्याचा कुणी प्रयत्नही करत नाही. सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ब्रुस्केत्ता. म्हणजे पावाचा जाड काप निखाऱ्यावर भाजायचा, त्यावर लसणाची पाकळी घासायची, मीठ टाकायचं आणि वरून ऑलिव्हचं तेल सढळ हाताने. बस. आपल्याकडच्या कॅफेत टोमॅटोचा डोंगर घालून जो मिळतो तो पुढचा अवतार. मुळात ही तेलाची चव बघायची पद्धत. घाण्यातून नवं तेल निघालं की ते भाजलेल्या पावावर ओतून चाखायचं. चिवितातल्या एका गुहेत जुना दगडी घाणा अजून जपून ठेवलाय. तो फिरवायला गाढव जुंपायचे.

दुसरा पदार्थ आक्वाकोत्ता. नावाचा अर्थ 'शिजवलेलं पाणी', आणि नावात काडीची अतिशयोक्ती नाही. गुराखी आणि कोळसा पाडणारे लोक रानात दिवस काढायचे. पाण्यात चिकोरीची कडवट पालेभाजी, बटाटा, लसूण, असला तर टोमॅटो, रानपुदिना असं हाताला लागेल ते उकळायचं. वाडग्यात शिळ्या पावाचे तुकडे घ्यायचे आणि त्यावर हे ओतायचं. एखादं अंडं फोडून घातलं की मेजवानी. आज हेच 'पारंपरिक सूप' म्हणून चांगल्या पैशांना मिळतं.

तिसरा पदार्थ पिचारेल्ली. हा बान्योरेजो भागातला पास्ता. मैदा आणि पाणी, अंडं नाही. हातावर वळून जाडसर दोऱ्यासारखा करतात, त्यामुळे प्रत्येक दोरा वेगळ्या जाडीचा. वितेर्बोकडे याच्याच भावंडाला 'लोम्ब्रिकेल्ली' म्हणतात, म्हणजे गांडुळं! नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. लसूण-टोमॅटोचा रस्सा किंवा रानडुकराचं मटण घालून खाल्लं की नाव विसरायला होतं.

सोबतीला ओर्व्हिएतोची पांढरी वाइन असते. शेजारच्या मोन्तेफियास्कोने गावच्या वाइनचं नाव तर 'एस्त! एस्त!! एस्त!!!' असं आहे, उद्गारचिन्हांसकट. गोष्ट अशी सांगतात की, बाराव्या शतकात एक जर्मन धर्माधिकारी रोमला निघाला होता. त्याने नोकराला पुढे पाठवलं आणि सांगितलं, ज्या खानावळीत वाइन चांगली असेल तिच्या दारावर 'एस्त' लिही, म्हणजे 'आहे'. या गावात नोकराने तीनदा लिहिलं. साहेब आले, प्यायले आणि रोमला गेलेच नाहीत. तिथेच पिऊन मेले म्हणतात.

राहता राहिले सण. आणि इथे एक गंमत आहे. गावात दहा-बारा माणसं असताना सण साजरे करतं कोण? उत्तर आहे, पुलापलीकडचे. बान्योरेजोतल्या कित्येक घरांचे पूर्वज कधीकाळी चिवितातूनच पलीकडे गेले. राहायला ते परत आले नाहीत, पण सणाला येतात.

जूनचा पहिला रविवार आणि सप्टेंबरचा दुसरा रविवार हे 'तोन्ना'चे दिवस. तोन्ना म्हणजे गाढवांची शर्यत. गावाच्या मधोमध सान दोनातो चर्चसमोरच्या मातीच्या चौकात ती होते. पूर्वी इथे देऊळ होतं, त्या काळातले दगडी खांबांचे तुकडे अजून चर्चपुढे उभे आहेत. चौकाभोवती माणसं कोंडाळं करतात, आळीआळीचे स्वार गाढवांवर बसतात आणि फेऱ्या सुरू होतात. सिएनाची घोड्यांची शर्यत जगप्रसिद्ध आहे. तिथे घोडे जिवाच्या आकांताने धावतात. इथे एखादं गाढव मध्येच थांबतं, वळून उलटं चालू लागतं आणि सगळा चौक हसून लोटपोट होतो. नाताळच्या दिवसांत याच गल्ल्यांमध्ये येशूजन्माचा जिवंत देखावा उभा राहतो, तेव्हाही मेंढपाळ, लोहार, सुतार होणारी माणसं बहुतेक पलीकडचीच.

पण सर्वांत जुनी आणि मनाला भिडणारी परंपरा गुड फ्रायडेची. सान दोनातो चर्चमध्ये पंधराव्या शतकातली लाकडी ख्रिस्तमूर्ती आहे. दोनातेल्लोच्या परंपरेतल्या कारागिरांनी ती घडवली असं मानतात. १४९९ च्या प्लेगमध्ये एक बाई रोज या मूर्तीपुढे येऊन साथ थांबवण्याची विनवणी करायची. एक दिवस मूर्ती तिच्याशी बोलली, साथ थांबेल, पण तुझ्या मरणाबरोबर. ती बाई गेली आणि प्लेग थांबला, अशी आख्यायिका आहे.

या मूर्तीचे खांदे हलते आहेत. गुड फ्रायडेला तिला क्रूसावरून उतरवतात, हात मिटवतात, तिरडीवर ठेवतात आणि खांद्यावरून पूल ओलांडून बान्योरेजोला नेतात. रात्री तिथे मोठी मिरवणूक निघते. अट एकच. मध्यरात्रीच्या आत मूर्ती चिवितात परत यायला हवी. उशीर झाला तर मूर्तीवर बान्योरेजोचा हक्क आणि ती कायमची तिकडेच राहणार. बिशप गेले, पालिका गेली, माणसं गेली. ही एक गोष्ट मात्र चिविता सोडत नाही, आणि ती वेळेत पूल चढून परत नेणारे खांदे बान्योरेजोचेच असतात. मूर्ती आजही सान दोनातोतच आहे.

इटलीने २०२१ साली चिविता आणि भोवतीच्या परिसराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीसाठी पुढे केलं. त्यामुळे गर्दी कमी होण्याची शक्यता नाही.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलातच, तर रोमहून ट्रेनने ओर्व्हिएतो, तिथून बसने बान्योरेजो आणि पुढे पायी. पुलाचा शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा आहे, उन्हाळ्यात पाण्याची बाटली जवळ ठेवा. दिवसाच्या सहली संध्याकाळी परत फिरतात, त्यामुळे एक रात्र मुक्काम केला तर गाव वेगळंच दिसतं. आणि ओर्व्हिएतोहून येणारी बस रविवारी नसते, तेव्हा वेळापत्रक आधी बघून घ्या.